डिझेल चांगलं होतं

जव्हार, जि. ठाणे
१९ मार्च २००९

भास्कर,

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन गॅरेजमध्ये आला तेव्हा मी एका टेम्पोखाली आडवा झालो होतो. हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्यालाच विचारलं, कुणाचं आहे बघ. "भास्कर, नाशिक," तो म्हणाला. पुढची पाच मिनिटं मी टेम्पोखालीच पडून राहिलो. काम काही करत नव्हतो.

दोन वर्षांत तुझा फोन नाही, निरोप नाही, आणि आता एकदम चार पानं. कागदावर लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर मी फार पटकन बोलतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड तुला शाळेपासून माहीत आहे.

इथली खुशाली. शकिला बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आमच्या हुमाने बारावीची परीक्षा दिली. गॅरेजसमोर डांबर पडलं. मोखाड्याच्या लायनीला आता नऊ जीपा लागतात. तुझी जागा ज्याला मिळाली तो माणूस चांगला आहे, पण असा हॉर्न वाजवतो की डेपोतली कुत्री पळतात.

तू कंपनीच्या गेटवर बसतोस, गाडीला हात लावत नाहीस, हे वाचून मला राग आला. वीस वर्षं घाटात जीप चालवलेला माणूस येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहीत बसतो! आणि तुझ्या सौरभला मोखाड्याला परतून जीप लावायची आहे तर त्यालाही तू अडवलंस. "आमच्या घरातल्या हाताने आता कुणी माणूस गाडीत बसवायचा नाही," असं त्याला म्हणालास. पोराने काय केलंय रे?

आता तुझा प्रश्न. तू लिहिलंस, "त्या दिवशी मी टपरीवरच्या ड्रममधलं डिझेल घेतलं नसतं, आदल्या दिवशी पंपावर भरून ठेवलं असतं, तर जीप चढली असती का? रामीचं बाळ वाचलं असतं का? इंजिनातलं मला तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

भास्कर, ड्रममधलं डिझेल काय तू एकट्यानेच घेतलं? सगळी लायन घ्यायची. रॉकेलची भेसळ असली की चढाला गाडीचा दम सुटतो. जुन्या जीपा पचवतात, तुझी नव्या इंजिनाची, नाजूक. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुला ते मुद्दाम करायचं नव्हतं, हे रामीच्या गावच्या, पोशेऱ्याच्या माणसांनाही माहीत आहे. झालं ते झालं. सौरभला जीप घेऊ दे. इंजिन मी स्वतः बघून देईन.

सुमनवहिनींना सलाम.

सादिक


जव्हार
४ एप्रिल २००९

भास्कर,

तुझं उत्तर आलं नाही तरी हे दुसरं पाठवतो आहे.

मागच्या पत्राचा कच्चा कागद घरात राहिला होता. शकिलाला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत ऐकत होती. ऐकून झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "उस डब्बी का लिखा क्या?" मी म्हणालो, तिचा काय संबंध. त्यावर ती काही बोलली नाही. दुपारी जेवायला वाढलं तेव्हाही बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात मला तिच्या बोलण्याची कधी भीती वाटली नाही.

म्हणून डबीचं लिहितो. ती चिप तुला आठवत असेल, काडेपेटीहून जराशी मोठी, काळी. माझ्या धाकट्या भावाने, नवेदने, भिवंडीहून आणून तुझ्या जीपला लावली होती. चौदा माणसं घेऊन दुसऱ्या गियरमध्ये रडत चढणारी तुझी जीप त्या दिवसापासून तिसऱ्यात चढायला लागली. स्टँडवर आठ दिवस तुझी कॉलर ताठ होती. मग जानेवारीत जीपचा कॉम्प्युटर गेला. नव्या इंजिनात डिझेल किती सोडायचं आणि कधी, हे ठरवणारी ती पत्र्याची पेटी. मी कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा आणून बसवला. महिनाभर तू चिपेशिवाय चालवलीस आणि रोज माझ्या मागे लागलास, चिप लाव, चिप लाव. शेवटी मी लावली. दुसऱ्याच दिवशी तू रामीला पोशेऱ्याहून हॉस्पिटलात आणायला निघालास.

ते सगळं झाल्यावर जीप तीन दिवस माझ्याकडे होती. मी तुला सांगितलं, टाकी धुतली, फिल्टर बदलला, आता चढेल. ती चढली. तेव्हा एक सांगायचं राहिलं. मी चिपही काढून घेतली होती. उगाच भानगड नको म्हणून. गाडी तेव्हा रिकामीच चालायची, म्हणून तुला वाटलं जीप चिपेसकट चढते आहे, आणि मी वाटू दिलं. ती डबी माझ्या ड्रॉवरमध्ये फडक्यात बांधून ठेवली आहे. शकिलाने ती पाहिली होती.

आता विचार करतो तर वाटतं, थोडा दोष चिपेतही असेल. नवेदचा माल कधी कधी हलका निघतो, मोठा भाऊ असून सांगतो. भेसळीचं डिझेल आणि हलकी चिप, दोन्ही मिळून झालं असेल. म्हणजे सगळा भार तू एकट्याने डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

एवढंच सांगायचं होतं.

सादिक


जव्हार
२७ एप्रिल २००९

भास्कर,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, "नवेदला काही बोलू नकोस. कामाचा पोरगा आहे. ड्रम मी डोळ्यांनी बघितला होता, तरी घेतलं. दोष त्याच्यावर ढकलून मला झोप लागणार नाही."

हे वाचलं आणि मला गॅरेज उघडवेना. दोन दिवस शटर बंद आहे. शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं, ताप आलाय. आता जे आहे ते सलग लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा काहीतरी झाकून ठेवीन.

डिझेल चांगलं होतं.

तुझ्या टाकीतलं डिझेल मी काचेच्या बरणीत काढून दिवसभर ठेवलं होतं. तळाला पाणी नाही, गाळ नाही, रॉकेलचा वास नाही. मग जीपमध्ये वाळूची पोती भरली आणि एकटाच पुलापलीकडच्या त्याच चढावर गेलो. चिप लावून चढलो. निम्म्यावर पिवळा दिवा लागला आणि जीप सायकलच्या वेगाने सरकायला लागली. खाली आलो, चिप काढली. दुसऱ्या गियरमध्ये, रडत का होईना, वरपर्यंत गेली. पुन्हा खाली येऊन पुन्हा चिप लावली. तिथेच थांबली, जिथे तुझी थांबली होती. टाकीत डिझेल तिन्ही वेळा तेच होतं. मी दगडावर बसून राहिलो. वरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने विचारलं, मिस्त्री, काय झालं? म्हटलं, इंजिन गरम झालंय.

आता मुळापासून ऐक. जानेवारीत कॉम्प्युटर का गेला? मी तुला म्हणालो, उंदराने वायर कुरतडली. उंदीरबिंदीर काही नव्हता. बायांना, म्हाताऱ्यांना चढायला सोपं पडावं म्हणून तू जीपला मागे पायरी जोडून मागितली होतीस. मी बॅटरीची वायर न सोडता वेल्डिंग मारलं. तीस वर्षं असंच मारत आलो होतो. जुन्या जीपांना डोकंच नव्हतं तर जळणार काय? तुझ्या जीपचं जळलं.

त्या शरमेपायी मी घाईघाईने कुर्ल्याहून दुसरा आणला. तशाच जीपचा, तोच सॉकेट, खट्कन बसला. आणि माझी सवय तुला माहीत आहे. कुठलाही पार्ट आधी डिझेलने धुवायचा, फडक्याने लख्ख पुसायचा, बिस्मिल्ला म्हणायचं आणि मग बसवायचा. अब्बांनी तेवढी एकच गोष्ट मारून शिकवली होती. मी तो कॉम्प्युटरही तसाच पुसला. त्याच्यावर कागदाचं लेबल होतं, नंबराचं. ते लगदा होऊन फडक्याला आलं.

नवेदने मला फोनवर बजावलं होतं, "भाईजान, जुनी चिप दुसऱ्या कॉम्प्युटरला तशीच लावू नका. सॉकेट बसेल, पण आतला हिशेब सालागणिक वेगळा असतो. मला नंबराचे शेवटचे तीन आकडे सांगा, मग मी हो म्हणेन." मी कुठून सांगणार? लेबल धुऊन काढलं म्हणालो असतो तर तो हसला असता. अर्ध्या तालुक्याचे मिस्त्री माझ्याकडे शिकून गेले, आणि ज्याला मी पाना धरायला शिकवलं त्याने मला हसायचं? मी जळलेला कॉम्प्युटर हातात घेतला आणि त्याच्यावरचे आकडे वाचून दाखवले. नवेद म्हणाला, "मग सेम आहे, बिनधास्त लावा." मी लावली.

ही डबी करते तरी काय, असं तू एकदा विचारलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, तुला कळायचं नाही. ती कॉम्प्युटरला खोटं सांगते. पाइपात डिझेलचा दाब पुरेसा असला तरी कमी आहे म्हणून सांगते, म्हणजे तो आणखी सोडतो. तुझा जुना कॉम्प्युटर तेवढं चालवून घ्यायचा. कुर्ल्याचा वेगळ्या सालचा होता. त्याला संशय आला की तो इंजिन वाचवायला ताकद तोडून टाकतो. रिकाम्या गाडीला सपाटीवर हे कळतही नाही. तू पोशेऱ्याला गेलास रिकामा. येताना रामी, तिच्या बरोबरच्या बाया, तिचा नवरा कान्हा आणि त्याचे भाऊबंद.

तू पाच वेळा इंजिन बंद करून चालू केलंस, कान्हा मागून ढकलत होता, दहा मिनिटांच्या चढाला दीड तास लागला आणि पोर जीपमध्येच झालं, रडलं नाही. हे सगळं तूच मला त्या संध्याकाळी स्टँडवर सांगितलंस. पोशेऱ्याची माणसं भोवती उभी होती. कुणीतरी विचारलं, गाडी थांबली का? तू माझ्याकडे बघितलंस. मी विचारलं, डिझेल कुठे भरलंस? तू सांगितलंस. मी म्हणालो, मग झालं, भेसळीचं असणार.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. एवढं एक माझ्या बाजूचं लिहितो. पण तीन दिवसांनी मी त्या चढावरून खाली आलो तेव्हा मला माहीत होतं. तू गॅरेजच्या बाकावर बसला होतास. मी तुला म्हणालो, टाकी धुतली. त्यानंतर स्टँडवर माणसं तुझी जीप रिकामी सोडून मागच्या जीपमध्ये बसायला लागली, मी बघत होतो. बायका पदर सावरून तुझ्या दारावरून पुढे जायच्या. तू जीप विकलीस, सामान बांधलंस, सुमनवहिनी शकिलाच्या गळ्यात पडून रडल्या. मी दोरी आवळायला मदत केली आणि गप्प राहिलो. लोक म्हणतील, सादिक मिस्त्रीने माणूस मारला, गॅरेजला कुलूप लागेल, ही भीती होती. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

नवेदला काल फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाईजान, मैंने पूछा था ना?" आणि फोन ठेवला.

मी माफी मागत नाही. तुझी दोन वर्षं मी कशी परत करू? फक्त सौरभला अडवू नकोस. तुझ्या हातात काही खोट नव्हती.

सादिक


जव्हार
१८ मे २००९

भास्कर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. "हे मला कशाला सांगतोस? पोशेऱ्याला जा." तुझं अक्षर मी ओळखलं नाही, इतकं दाबून लिहिलं होतंस. पोस्टमनने वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी आठ दिवस गेलो नाही. हेही लिहूनच टाकतो. रोज काहीतरी काम निघायचं. मग शकिलाने सकाळी माझा धुतलेला सदरा खाटेवर काढून ठेवला आणि म्हणाली, मीही येते. मी तिला नको म्हणालो.

आधी स्टँडवर गेलो. सगळे ड्रायव्हर चहा पीत होते. उभ्याउभ्या सांगितलं, भास्करचं डिझेल चांगलं होतं, चूक माझी होती, मी लपवली. काळ्या ड्रायव्हर, तुझ्याशी कायम नंबरावरून भांडायचा तो, त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "मिस्त्री, आमी त्याला लायनीतून काढला." त्याच्या जीपमध्ये बसायला गेलो तर तो माझ्याकडे न बघता पुढचं दार उघडून उभा राहिला.

कान्हाचं घर तुला माहीत आहे. तो कुडाला शेण लावत होता, रामी अंगणात सूप घेऊन नागली पाखडत होती. त्यांना आता एक मुलगी आहे, फागी, चालायला लागली आहे. मला बघून दोघांना बरं वाटलं. गेल्या वर्षी कान्हाच्या भावाचा पंप मी दुरुस्त करून दिला होता, त्याची ओळख धरून आहेत. रामीने आतून तांब्या भरून आणला, दोन्ही हातांनी पुढे केला. "उन्हातून आलास, पानी पी," म्हणाली. मला खरंच तहान लागली होती. सगळा तांब्या संपवला.

मग मी सांगितलं. कॉम्प्युटर, चिप, नंबर, यातलं त्यांना कसं सांगावं म्हणून वाटेत जुळवत होतो, पण तिथे ते काही लागलं नाही. मी म्हणालो, "गाडी माझ्यामुळे थांबली. भास्करमुळे नाही. मी चुकीची वस्तू लावली होती, मला कळलं, आणि मी भास्करचं नाव पुढे केलं."

कान्हाचा शेणाचा हात तसाच राहिला. त्याने विचारलं, "मंग पोर जगला असता?"

मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही. पण गाडी चढली असती. वेळेत पोचली असती."

तो हात न धुताच उठला आणि शेताकडे निघून गेला. मी थांबलो. मारायला परत येईल असं वाटलं, आणि यावा असंही वाटलं. तो आला नाही. लांब बांधावर पाठ करून बसलेला दिसत होता.

रामी पाखडत राहिली. फागी सुपातली नागली मुठीने उधळत होती. पाखडून झाल्यावर रामीने सूप खाली ठेवलं. भास्कर, मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्यासाठी मान खाली घालून बसलो होतो.

ती म्हणाली, "भास्करभाऊ दोन शिमग्याला येऊन गेला. तुला ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. तू नाशिकहून मोखाड्यापर्यंत येतोस, पोशेऱ्याला जातोस आणि तिथूनच परत फिरतोस, हे तू मला कुठल्याच पत्रात लिहिलं नाहीस.

"येतो, हितंच बसतो, तू बसलास तिथं. बोलत काय नाय. सांज झाली का उठून जातो. एवढा लांबून येतो," ती म्हणाली. मग माझ्यासमोरचा रिकामा तांब्या उचलून तिने मांडीवर घेतला. "म्यां त्याला दोनी खेपेला पानी नाय दिला. दारात आलेल्याला कोन पानी देत नाय? वैऱ्याला बी देतात. म्यां नाय दिला. आनि तुला दिला."

मला तिथे बसवेना आणि उठताही येईना. तिने तांब्या घासायला घेतला, राखेने, खूप वेळ घासत होती. फागी तिच्या पाठीला लोंबकळत होती.

निघताना मी म्हणालो, मी भास्करला लिहितो, तुला त्याला काही सांगायचं आहे का? तुझं माझ्याशी काय ते राहू दे, ते मी विचारणार नाही, असंही तिला म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझा त्यात एक शब्द नाही.

"त्याला सांग, ये म्हनावं. शिमग्याची वाट नको बघू. आनि नाशिकवरनं निघलास का वाटेत कुठं पानी पिऊ नको."

सादिक